पाच ते साडेसात

लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं रफूचं काम करत होती. खोली म्हणजे खरं तर बोळकांडीच. एक उंच स्टूल, एक टेबल, हवा तसा वाकवता येणारा दिवा आणि भिंतीला लावलेले धाग्यांचे डबे. पण पाठीमागची भिंत शेजारच्या बेकरीच्या भट्टीची होती. थंडीत त्या भिंतीला पाठ लावून बसलं की स्वेटरही काढावा लागे. भिंतीपलीकडे भट्टी सांभाळणाऱ्या माणसाशीच तिचं पुढे लग्न झालं. लाँड्रीचे म्हातारे मालक आल्यागेल्याला सांगत, "मध्ये भिंत होती म्हणून जमलं. नाहीतर दोघं एका खोलीत नुसती भांडत बसली असती."

तिचा नवरा पहाटे तीनला कामावर जायचा आणि बाराला सुटायचा. सुटला की लाँड्रीच्या मागच्या खिडकीवर बोटं वाजवून शेवटच्या घाण्यातला एखादा पाव कागदात गुंडाळून आत सरकवायचा. मग घरी जाऊन जेवून झोपायचा. तीनला मुलगी शाळेतून यायची, ती त्याला उठवायची. पाचला ही घरी पोचायची. साडेसातला तो पुन्हा अंथरुणात, कारण अडीचला उठायचं. म्हणजे नवरा-बायको दोघंही जागी आणि घरात, असा वेळ दिवसातून अडीच तासांचा. त्यातच भाजी निवडणं, मुलीचा अभ्यास, नळवाल्याची वाट पाहणं, रुसवेफुगवे आणि समेट. तेवढ्यात सगळं बसत होतं. कमी पडतंय असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

एके दिवशी एक पन्नाशीच्या बाई लाँड्रीत आल्या. त्यांनी आठ दिवसांपूर्वी आईचा जुना लोकरीचा कोट रफूला टाकला होता. आई गेलेली, आणि कोटाच्या खांद्याला कसर लागून रुपयाएवढं भोक पडलेलं. बाई कोट घेऊन दारातल्या उजेडात गेल्या, उलटापालटा केला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा घातला. भोक कुठे होतं तेच त्यांना सापडेना. शेवटी मालकांनी आतून हिला बोलावलं. हिने कोट आतून उलटा करून अस्तराशी बोट ठेवलं. बाई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हिचं नाव, पत्ता, शिक्षण विचारून घेतलं. शिक्षण विचारल्यावर ही जरा संकोचली. बाई मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात जुन्या कापडांच्या विभागाच्या प्रमुख होत्या.

पंधरवड्यात पत्र आलं. तिने एक दिवस रजा काढून परीक्षा दिली. परीक्षा म्हणजे एक विरलेली रेशमी पट्टी आणि केसाहून बारीक सुई. महिन्याने दुसरं पत्र आलं. कायमची नोकरी, चांगला पगार, आजारपणाची सोय, म्हातारपणाची सोय. पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

अडचण एकच होती, आणि ती पत्रात लिहिलेली नव्हती. संग्रहालय लांब होतं. चौकातून सहा दहाची बस, मोठ्या स्टँडवर उतरून हमरस्त्याची दुसरी बस, आणि शेवटी पंधरा मिनिटं पायी. जायला पावणेतीन तास, यायला थोडे जास्तच. शहरात खोली घ्यावी म्हणून एका सोमवारी, बेकरीत बदली माणूस घालून, दोघं जाऊन आली. तीन खोल्या पाहिल्या. तिसऱ्या खोलीचं भाडं ऐकल्यावर घरमालकाला "कळवतो" म्हणून ती दोघं जिना उतरली ती थेट स्टँडपर्यंत काही बोलली नाहीत.

मग घरी बसून हिशेब मांडला, तो वेळेचा. नवऱ्याने जुन्या कॅलेंडरच्या मागे दोघांच्या वेळा लिहिल्या. त्याचं अक्षर मोठं आणि गोल होतं. तिच्या निघण्याची वेळ, पोचण्याची, सुटण्याची. परतीच्या पुढे त्याने लिहिलं, आठ दहा. स्वतःच्या झोपेपुढे साडेसात. त्या दोन आकड्यांवर पेन थोडा वेळ तसाच टेकून राहिला.

"मी जागा राहीन की," तो म्हणाला.

ती म्हणाली, भट्टीपुढे डुलक्या काढायच्या असतील तर खुशाल जागा राहा. तो हसला आणि कागद घडी घालून डब्याखाली ठेवला.

त्या पंधरा दिवसांत तिने ज्याला त्याला विचारलं, आणि जो तो जा म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, सकाळी मुलीला शाळेत मी पोचवीन, मला नाहीतरी पाचला जाग येते. मुलगी नऊ वर्षांची. तिने फक्त एवढंच विचारलं की आता तिला घराची स्वतःची किल्ली मिळणार का. लाँड्रीचे मालक तर पत्र वाचून इतके खूश झाले की त्यांनी ते गल्ल्यावर बसून तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. "जा पोरी," ते म्हणाले, "इथे काय ठेवलंय?" तिला ते जरा लागलं. अकरा वर्षांनंतर माणूस निदान एकदा तरी नको जाऊ म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

खरं तर कुणीतरी नको म्हणावं याचीच ती वाट पाहत होती. नवऱ्याने म्हटलं असतं तर ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि मग सुटल्यासारखी पुन्हा स्टुलावर जाऊन बसली असती. त्याच्याही ते ओठांवर आलं होतं. पण आपण अडवलं तर हिच्या मनात जन्मभर ते राहील, आणि प्रत्येक भांडणात निघेल, हे तो ओळखून होता. तेव्हा दोघंही एकमेकांशी फार समजूतदारपणे वागली. इतकी की मुलीने विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का?"

चौदाव्या दिवशी तिने ठरवलं, नको. पंधराव्या दिवशी दुपारी लाँड्रीतून तिने फोन लावला. सांगायचं वाक्य ती सकाळपासून मनात घोळवत होती. बाई फोनवर आल्या आणि तिला बोलूच न देता म्हणाल्या, "बरं झालं फोन केलात. तुमचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी लावून घेतेय. दिवसभर सारखा उजेड असतो. चालेल ना तुम्हाला?"

उजेडाबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मागच्या खोलीत खिडकी होती ती पाव सरकवण्यापुरती.

"चालेल," ती म्हणाली. आणि मग बाकीचं काही सांगायचं उरलंच नाही.

पहिले तीन महिने ती हवेत होती. तिच्याकडे एका जुन्या तंबूची रेशमी भिंत आली होती, माणूसभर उंच, कडांना जळाल्यासारखी काळी पडलेली. लाँड्रीत कसब असं की रफू दिसता कामा नये. इथे उलटं. बाईंनी समजावलं, फाटलेलं लपवायचं नाही, ते जिथे आहे तिथे धरून ठेवायचं, आणि जवळून बघणाऱ्याला आपला टाका कळला पाहिजे. हात उलटा फिरवायला तिला महिना लागला. जमायला लागलं तेव्हा बाई दुसऱ्या विभागातल्या लोकांना तिचं टेबल दाखवायला आणू लागल्या. शिकलेली माणसं तिला प्रश्न विचारत आणि ती काय म्हणते ते लिहून घेत. हे सगळं घरी सांगावं असं तिला वाटे. पण घरी पोचेपर्यंत आठ दहा झालेले असत, आणि आतल्या खोलीचा दिवा मालवलेला असे.

बोलण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगली होती. सुरुवातीला वहीत पानंच्या पानं भरली. तिने तंबूबद्दल लिहिलं, त्याने भट्टीतल्या नव्या पोऱ्याने मीठ विसरल्याचं लिहिलं. मग पानाच्या चार ओळी झाल्या. मग "दूध संपलंय." "आणलं." "गॅसवाला येऊन गेला." मधल्या गोष्टी मुलगी तोंडी पोचवू लागली. बाबा म्हणाला, आई म्हणाली. काय सांगायचं आणि काय गाळायचं तेही हळूहळू तीच ठरवायला लागली.

तिची सुट्टी सोमवारी, कारण संग्रहालय तेव्हा बंद. बेकरी बंद मंगळवारी. एकत्र मिळायची ती सोमवारची संध्याकाळ, आणि तीही आठवडाभर साठलेल्या कपड्यांत आणि सामान आणण्यात जायची. चहा घेताना दोघं समोरासमोर बसली की पाहुण्यांसारखी बोलत. तुझं कसं चाललंय? बरं चाललंय. तुझं? सांगायचं इतकं साठलेलं असे की कुठून सुरू करावं ते कळत नसे, म्हणून मग ती पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत. तिने एकदा बाईंना विचारून पाहिलं, अकराला आले तर? काम घरी नेलं तर? बाईंना खरंच वाईट वाटलं. पण विभागाचं कुलूप पहारेकऱ्यासमोर नऊला उघडायचं आणि पाचला लागायचं, आणि त्या कापडांना तर खोलीबाहेरची हवासुद्धा चालत नव्हती. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

पाचव्या महिन्यातल्या एका सोमवारी तो बाराला घरी आला आणि जेवायला बसला. उकडत असून त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, आणि तो डाव्या हाताने जेवत होता. तिने आधी काही म्हटलं नाही. मग ताट उचलताना तिचा हात त्याच्या बाहीला लागला आणि त्याने श्वास आत ओढला.

तिने बाही वर केली. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत पट्टी होती.

"कधी?"

"शनिवारी. भट्टीचं दार लागलं. काही विशेष नाही, डॉक्टरांनी बघितलंय."

"आज सोमवार आहे."

शनिवारी ती आली तेव्हा तो झोपला होता. रविवारीही. वहीत शनिवारच्या तारखेला त्याच्या गोल अक्षरात, पण नेहमीपेक्षा वाकडं, "साबण आण" लिहिलेलं तिने पाहिलं होतं, आणि साबण आणलाही होता.

"सगळा जन्म भट्टीपुढे गेला तुझा. दार लागलंच कसं?"

तेव्हा ते बाहेर आलं. तो साडेसातला झोपतच नव्हता. दिवा घालवून अंधारात पडून राहायचा, तिची किल्ली दारात फिरेपर्यंत. ती चपला काढते, तांब्या उचलते, मुलीच्या अंगावर पांघरूण घालते, हे सगळं ऐकायचा आणि मग झोपायचा. गेले कित्येक आठवडे असंच चाललं होतं. शनिवारी पहाटे भट्टीपुढे त्याचा डोळा लागला.

"मग हाक का नाही मारलीस?" तिने विचारलं.

"तू रागावली असतीस, जागा का म्हणून." तो पुढे म्हणाला, "आणि तू पाऊल न वाजवता चालायचीस. मला झोप मिळावी म्हणून. मग मी जागा आहे असं कसं सांगू?"

ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली, हातात उष्टं ताट. रोज ती सुद्धा बाहेरच्या खोलीत जेवण न गरम करता जेवत होती, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून.

तीनला मुलगी आली. पट्टी बदलायची वेळ झाली होती. हिने कापूस, मलम सगळं मांडून घेतलं होतं, पण मुलीने दप्तर ठेवलं, हात धुतले आणि सरळ येऊन पट्टीचं टोक आपल्या हातात घेतलं.

"इतकी घट्ट नको, आई. डॉक्टरांनी सैल सांगितलीय. मला येतं."

तिचे हात बारीक आणि सराईत होते. दिवसभर बारीक सुईने काम करणारी तिची आई बाजूला बसून बघत राहिली. संग्रहालयातली शिकलेली माणसं ज्या हातांचं काम बघायला येत होती, त्या हातांना तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारी ती सहा दहाच्या बसला गेली नाही. नऊला लाँड्रीत गेली. मालकांना सांगायचं होतं, मी परत येते, त्याच पगारावर, पुढच्या आठवड्यापासून. मालक तिला बघून खूश झाले, खुर्ची दिली, चहा मागवला. तिने विषय काढताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठून तिला मागच्या खोलीत नेलं. खोलीत एक तरुण मोबाइल दुरुस्त करत बसला होता. तिच्या टेबलावर सुटे स्क्रीन आणि बॅटऱ्या पसरल्या होत्या.

मालक म्हणाले, "तुला सांगणार होतो. मग तुझं पत्र आलं आणि मी सुटलो."

रफूचं काम तिथे दोन वर्षांपासून संपत आलं होतं. लोक कपडा फाटला की नवा घेत. शेवटच्या वर्षी तर मालकच स्वतःच्या घरातले, बहिणीच्या घरातले जुने कपडे आणून तिच्या टेबलावर टाकत होते, तिने हात रिकामे ठेवून बसू नये म्हणून. तिला आता आठवलं, त्या वर्षी एकसारख्या करड्या मोज्यांचे किती जोड आले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, कुणातरी म्हाताऱ्याला आपलं काम आवडलेलं दिसतंय.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? पंधरा दिवस मी जीव खाल्ला सगळ्यांचा."

"कसं सांगू? तू विचारत होतीस जाऊ का म्हणून. मी जा म्हटलं."

ती घरी आली. नवरा सुट्टीचा दिवस म्हणून झोपलेला असायला हवा होता, पण जागाच होता. तिने सगळं सांगितलं. मग दोघांनी पुन्हा सुरुवातीपासून विचार केला. दुसऱ्या लाँड्रीत? तिथेही तेच असणार. घरी शिवणकाम? त्यावर घर चालणार नव्हतं, आणि आता त्याचा हात बरा व्हायचा होता. ती म्हणाली, तरीही मी सोडते. काहीतरी होईल.

"तुला सोडायचंय का?" त्याने विचारलं.

तंबूची ती भिंत अर्धी झाली होती. उरलेला अर्धा भाग टेबलावर पातळ कागदाखाली होता, आणि खालच्या कोपऱ्यात एक फूल होतं ज्याच्या पाकळ्यांना अजून तिने हात लावला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

तो जवळ येऊन बसला. त्याने बऱ्या हाताने तिची पाठ थोपटली, पीठ मळताना गोळ्याला थापटी देतात तशी. मीच तिकडे काम बघतो, तिकडच्या पगारात खोली परवडेल, असं तो शेवटी म्हणाला.

पुढच्या मंगळवारी तो तिच्याबरोबर निघाला. शहरातल्या बेकऱ्यांत विचारून यायचं होतं. वरच्या काकूंनी मुलीला ठेवून घेतलं. बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली, खिडकीची त्याला. ती मनातून हरखली होती. पावणेतीन तास जायला, तीन तास यायला, मध्ये कुणी येणार नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत. काय काय बोलायचं ते तिने आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. बस चौक ओलांडून वळली आणि तिने तंबूपासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

तिने बोलणं थांबवलं. कित्येक आठवड्यांची झोप साठली होती त्याची. मोठ्या स्टँडवर तिने त्याला हलवून उठवलं, हाताला धरून दुसऱ्या बसमध्ये बसवलं, आणि तो पुन्हा झोपला, तोंड थोडं उघडं टाकून, पट्टीचा हात मांडीवर सांभाळून. तिचा खांदा बधिर झाला. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर आली तेव्हा तिने दुसऱ्या हाताने पडदा ओढला आणि तो सुटू नये म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवला.

संध्याकाळी पाचला तो संग्रहालयाच्या फाटकाशी उभा होता. चार बेकऱ्यांत जाऊन आला होता. दोन ठिकाणी सगळं यंत्रावर होतं. एका ठिकाणी वय विचारलं आणि मग हाताकडे बघितलं. चौथ्या ठिकाणच्या माणसाने चांगलं वागवलं, पाव खायला दिला, आणि जागा नाही म्हणाला.

"पाव कसा होता?" तिने विचारलं.

"चांगला होता," तो म्हणाला. मग खरं ते बोलला. "माझ्यापेक्षा चांगला होता."

परतीच्या बसमध्ये दोघंही जागी होती. गाडी हमरस्त्यावर तुंबलेल्या रांगेत अडकली. आता काय करायचं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, सोमवारी शांतपणे बोलू. तो "सोमवारी" म्हणाला, आणि दोघं पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसली.

याला आता वर्ष होत आलं. ती अजून सहा दहाच्या बसने जाते. त्याचा हात भरून आला, फक्त दोन बोटं पुरती मिटत नाहीत. काही सोमवारी विषय निघतो, काही सोमवारी दोघंही तो टाळतात.

मागच्या आठवड्यात शाळेने पालकांसाठी एक छापील अर्ज पाठवला. तो मुलीनेच भरला, नीट वळणदार अक्षरात, आणि सकाळी आई चपला घालत असताना सहीसाठी पुढे केला. पालकांना भेटायला सोयीचा दिवस, असा रकाना होता. आईपुढे तिने सोमवार लिहिलं होतं, वडिलांपुढे मंगळवार. खाली, दोघांना एकत्र बोलवायचे असल्यास, असं होतं, आणि पुढे एक लहानशी रेघ मारलेली होती.

"इथे काय लिहायचं मला कळलं नाही," मुलगी म्हणाली. "तसंच ठेवलं तर चालेल?"

आईने घड्याळात बघितलं. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. दाराच्या चौकटीवर कागद टेकवून तिने सही केली.